आभासी संगणकांची सामाईक साठवण

खरिपाच्या तोंडावर भोकर तालुक्यातील शेतकरी पीककर्जासाठी सातबारा आणि आठ-अचा उतारा काढावयास सेवा केंद्रात जातो. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १ मे २०१८ पासून राज्यात मिळू लागला आणि तलाठ्याकडचे हेलपाटे कमी झाले. मात्र ही नोंद केंद्रातील संगणकात नसते. ती दूरवरच्या मध्यवर्ती सर्व्हरवरून येते. अशा मोठ्या सेवा आज बहुधा आभासी संगणकांवर चालविल्या जातात. या संगणकांना साठवणुकीची जागा कशी नेमून दिली आहे, यावर नोंदींची सुरक्षितता बरीचशी अवलंबून असते.

एकाच शक्तिशाली सर्व्हरची विभागणी करून त्यावर अनेक स्वतंत्र संगणक चालविता येतात. यातील प्रत्येक म्हणजे व्हर्च्युअल मशीन अर्थात आभासी संगणक होय. दर वेळी नवे यंत्र मुळापासून उभारण्याऐवजी एकच यंत्र नीट सज्ज करून त्याचा साचा, म्हणजेच टेम्प्लेट, ठेवला जातो. त्यावरून काही मिनिटांत हव्या तितक्या प्रती निघतात. गर्दीच्या दिवसांत दोनाची चार यंत्रे करता येतात. या चारही यंत्रांना उताऱ्यांच्या फाइली मात्र त्याच हव्या असतात. म्हणून त्या यंत्राच्या पोटात न ठेवता नेटवर्कवरील सामाईक साठवणुकीत ठेवल्या जातात.

ही साठवण मुख्यतः दोन प्रकारे दिली जाते. पहिला प्रकार सामाईक फाइलींचा. सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ साली विकसित केलेली नेटवर्क फाइल सिस्टिम, म्हणजेच एनएफएस, ही त्यातील परिचित पद्धत. येथे दप्तर एकाच कारकुनाच्या ताब्यात असते. मागणारे कितीही असोत, कोणती फाइल कोठे आहे हे साठवण-सर्व्हरच ठरवितो.

दुसऱ्या प्रकारात नेटवर्कवरून कोरी डिस्कच यंत्राच्या स्वाधीन केली जाते. २००४ साली प्रमाणित झालेली आय-स्कझी ही पद्धत या प्रकारातील. डिस्कवरील मांडणीचा नकाशा येथे यंत्र स्वतःच्या स्मृतीत बाळगते. तीच डिस्क साध्या फाइल सिस्टिमसह दोन यंत्रांनी वापरल्यास, दोन तलाठ्यांनी एकमेकांस न विचारता एकाच फेरफार नोंदवहीत लिहावे तसे होते. प्रत्येकास पान कोरेच वाटते आणि एकाच्या नोंदीवर दुसऱ्याची नोंद चढते. जीएफएस-२ किंवा ओसीएफएस-२ यांसारख्या, अनेक यंत्रांत समन्वय राखणाऱ्या फाइल सिस्टिमविना असा सामाईक वापर करू नये.

साचा वापरताना नेमका येथेच घात होतो. प्रत काढली की मूळ यंत्राची ओळखही तिच्यात उतरते. यंत्राचे नाव, गुप्त किल्ल्या आणि आय-स्कझीसाठीचे ओळखनाव सर्व प्रतींत एकच राहते. साठवण-सर्व्हर याच ओळखनावावरून डिस्क देत असेल, तर प्रत्येक प्रतीस तो तीच डिस्क खुली करतो. छापील अर्जावर अनुक्रमांकही आधीच छापून ठेवावा, तसा हा प्रकार. त्या दिवशी सर्व सुरळीत दिसते. फाइली खराब झाल्याचे कित्येकदा फार उशिरा कळते.

यावरील उपाय साधा आहे. साच्यात केवळ ऑपरेटिंग सिस्टिम व समान प्रोग्रॅम असावेत. डिस्कची जोडणी आणि ओळखखुणा साचा करण्यापूर्वीच पुसाव्यात. नव्या यंत्रास पहिल्यांदा सुरू होताना स्वतःची ओळख मिळावी. हे काम क्लाउड-इनिट हा प्रोग्रॅम करू शकतो. त्यानंतर साठवण-सर्व्हरवर त्याच यंत्रास, त्याच जागेपुरती परवानगी द्यावी आणि मगच जोडणी करावी. ही जोडणी नेटवर्क सुरू झाल्यावरच व्हावी, अशी सूचना यंत्रास दिलेली असावी. एनएफएसच्या नेहमीच्या पद्धतीत वापरकर्ता नावाने नव्हे, तर क्रमांकाने ओळखला जातो. म्हणून तो क्रमांक सर्व यंत्रांवर एकच ठेवावा लागतो. दोन प्रोग्रॅम एकाच फाइलीत लिहिणार असतील, तर कुलूपबंदीची सोयही हवी.

सामाईक साठवण म्हणजे राखीव प्रत नव्हे, हेही ध्यानात ठेवावयास हवे. एका यंत्राने चुकून पुसलेली फाइल चारही यंत्रांवरून नाहीशी होते. निराळ्या ठिकाणी ठेवलेली आणि वेळोवेळी तपासलेली प्रत हाच तेव्हा आधार असतो. भोकरच्या शेतकऱ्यास यातील काहीच दिसत नाही. त्याला हवा असतो तो आपल्या गटाचा अचूक उतारा, तोही कर्जाची मुदत टळण्यापूर्वी.