डिस्नी वर्ल्डची ‘मोफत’ विमानतळ बस : ती का थांबली आणि तिचे भाडे कोण भरत होते?

अमेरिकेत ऑर्लँडोजवळच्या वॉल्ट डिस्नी वर्ल्डमधील हॉटेलात खोली आरक्षित केली की प्रवासापूर्वी टपालाने पिवळ्या रंगाचे टॅग घरी येत असत. निघताना ते बॅगांना बांधायचे, बॅगा विमान कंपनीच्या स्वाधीन करायच्या आणि मग त्यांचा विचार सोडून द्यायचा. ऑर्लँडो आंतरराष्ट्रीय विमानतळावर उतरल्यावर सामानाच्या सरकत्या पट्ट्यापाशी ताटकळण्याचे कारण उरत नसे. प्रवासी टर्मिनल बीच्या तळमजल्यावर जात, आपल्या हॉटेलच्या रांगेत उभे राहत आणि बसमध्ये बसत. बसमधील पडद्यांवर डिस्नीची पात्रे मुलांचे स्वागत करीत. बॅगा मागाहून, काही तासांत, थेट खोलीत पोहोचत. परतीच्या आदल्या दिवशी बस किती वाजता निघणार याची चिठ्ठी खोलीच्या दारापाशी मिळे. या साऱ्याची कोणतीही वेगळी रक्कम हॉटेलच्या बिलात नसे.

‘डिस्नीज मॅजिकल एक्स्प्रेस’ या नावाची ही सेवा मे २००५ मध्ये, कॅलिफोर्नियातील मूळ डिस्नीलँडच्या पन्नाशीच्या सोहळ्याचे निमित्त साधून सुरू झाली. ११ जानेवारी २०२१ रोजी कंपनीने ती बंद करण्याची घोषणा केली आणि १ जानेवारी २०२२ पासून येणाऱ्या पाहुण्यांसाठी ती थांबली. विमानतळापासून डिस्नी वर्ल्डचे अंतर जेमतेम तीस किलोमीटर, रस्ता अर्ध्या-पाऊण तासाचा. एवढ्याशा प्रवासाची बस गेल्याने वर्षानुवर्षे तेथे जाणाऱ्या कुटुंबांत मोठी नाराजी उमटली. तिचा उलगडा होण्यासाठी ही बस मुळात कशासाठी धावत होती हे पाहावे लागते.

डिस्नी वर्ल्डचा परिसर सुमारे १०० चौरस किलोमीटरचा आहे. १९७१ मध्ये उघडलेल्या मॅजिक किंगडमसह चार मोठी उद्याने, दोन जलक्रीडा उद्याने आणि दोन डझनांहून अधिक हॉटेले त्यात सामावली आहेत. आत फिरण्यासाठी बस, मोनोरेल, बोटी आणि २०१९ पासून ‘स्कायलायनर’ हा रोपवे आहे. हा अंतर्गत प्रवास पाहुण्यांना आजही विनामूल्य आहे. मात्र या परिसराबाहेर थोड्याच अंतरावर प्रतिस्पर्धी उभे आहेत. सीवर्ल्ड १९७३ पासून तेथे आहे, युनिव्हर्सलचे पहिले उद्यान १९९० मध्ये आले. शिवाय इंटरनॅशनल ड्राइव्ह या रस्त्यावर स्वस्त हॉटेले, खाणावळी आणि दुकाने यांची रांगच आहे.

ऑर्लँडो ही भाड्याच्या मोटारींची जगातील सर्वांत मोठ्या बाजारपेठांपैकी एक मानली जाते. २००५ पूर्वी तेथे उतरलेले कुटुंब बहुधा विमानतळावरच मोटार भाड्याने घेई. मोटारीची किल्ली हाती आली की सात दिवसांच्या सुटीतला एक दिवस युनिव्हर्सलला जाई, एक सीवर्ल्डला; दूध-पाव बाहेरच्या दुकानातून येई आणि रात्रीचे जेवणही बाहेर होई. मॅजिकल एक्स्प्रेसने नेमका हा दुवा तोडला. मोटार भाड्याने घेण्याचे मुख्य कारण विमानतळावरून हॉटेलपर्यंत पोहोचणे हेच असल्याने, ते काम बसने उचलल्यावर बरीच कुटुंबे मोटारीविनाच येऊ लागली. मग पुढचे आठवडाभराचे जेवणखाण, खेळणी आणि तिकिटे यांवरचा खर्च डिस्नीच्या हद्दीतच होणे स्वाभाविक होते.

यजमान पाहुण्याला स्थानकावर घ्यायला गाडी पाठवतो तेव्हा त्यात आतिथ्य असते. पाहुण्याने वाटेत दुसऱ्या नातेवाइकाकडे मुक्काम ठोकू नये, ही काळजीही असते. डिस्नीच्या बसमध्ये दोन्ही होते. म्हणूनच ‘मोफत’ हा शब्द येथे जपून वापरायला हवा. बस प्रत्यक्षात चालवत होती ‘मिअर्स’ ही ऑर्लँडोचीच वाहतूक कंपनी. १९३९ मध्ये टॅक्सींच्या व्यवसायातून ती उभी राहिली. तिला पैसे डिस्नी देत असे आणि डिस्नी ते खोलीच्या भाड्यातून व पाहुण्यांच्या एकूण खर्चातून वसूल करी. स्वतःच्या मोटारीने आलेला पाहुणाही न बसलेल्या बसचा वाटा खोलीच्या भाड्यातून उचलत होता.

सेवा थांबवताना कंपनीने दिलेले कारण असे, की पर्यटकांना आता वाहतुकीचे पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक पर्याय उपलब्ध आहेत; ॲपवरून मागवता येणाऱ्या टॅक्सी वेळ वाचवतात आणि अधिक सोयीच्या असतात. हे कारण खोटे नाही. २००५ मध्ये फोनवरच्या ॲपमधून टॅक्सी मागवण्याची सोय जगात कोठेच नव्हती. मात्र याच कारणात एक न उच्चारलेले कारणही दडलेले दिसते. ॲपवरच्या टॅक्सीने जसा विमानतळाचा रस्ता सोपा केला, तसाच युनिव्हर्सलचाही. जून २०१० मध्ये युनिव्हर्सलने हॅरी पॉटरची दुनिया उभारल्यापासून तिकडची ओढ वाढलीच होती. मोटार नसलेला पाहुणा आता हॉटेलच्या दारातून थेट तेथे जाऊ शकत होता. थोडक्यात, बसवरचा खर्च कायम राहिला, पण पाहुण्याला हद्दीत धरून ठेवण्याची तिची ताकद ओसरली.

त्यात महासाथीची भर पडली. मार्च २०२० मध्ये उद्याने बंद झाली, जुलैमध्ये निर्बंधांसह उघडली आणि सप्टेंबरमध्ये कंपनीने अमेरिकेतील उद्यान विभागातील २८ हजार कर्मचाऱ्यांना कमी करण्याचे जाहीर केले. बॅगा खोलीपर्यंत पोहोचवण्याची सोय त्याच वर्षी थांबली आणि पुन्हा सुरू झालीच नाही. त्यामुळे जानेवारी २०२१ ची घोषणा झाली तेव्हा सेवेचा सर्वांत लाडका भाग आधीच गेलेला होता. उरली होती ती नुसती बस.

त्याच सुमारास इतर सवलतींनाही कात्री लागली. हॉटेलच्या पाहुण्यांना विनामूल्य मिळणारे ‘मॅजिकबँड’ हे मनगटी पट्टे जानेवारी २०२१ पासून विकत घ्यावे लागू लागले. रांग टाळण्यासाठीची ‘फास्टपास’ योजना १९९९ पासून विनामूल्य होती. ऑक्टोबर २०२१ मध्ये तिची जागा ‘जिनी प्लस’ने घेतली आणि तिचे शुल्क सुरुवातीला माणशी, दिवसाला १५ डॉलर होते. भारतातील विमान प्रवाशांना ही रीत चांगलीच परिचयाची आहे. एकेकाळी तिकिटातच येणारे जेवण आणि खिडकीजवळची जागा आता वेगवेगळी विकली जाते. फरक इतकाच, की स्वस्त विमान कंपन्यांनी सेवा वेगळ्या काढताना मूळ तिकीट स्वस्त केल्याचा दावा तरी केला. बस गेली म्हणून डिस्नीच्या खोल्यांचे भाडे उतरले नाही.

पोकळी फार काळ रिकामी राहिली नाही. मिअर्सनेच जानेवारी २०२२ पासून ‘मिअर्स कनेक्ट’ या नावाने त्याच मार्गावर सशुल्क बस सुरू केली. आरंभीचे दर प्रौढांना एका बाजूचे १६ डॉलर आणि जाऊन-येऊन ३२ डॉलर, तर मुलांना जाऊन-येऊन २७ डॉलर असे होते. आई-वडील आणि दोन मुले यांचा हिशेब ११८ डॉलरवर जातो. त्या वेळच्या विनिमय दराने जवळजवळ पावणेनऊ हजार रुपये. आठवडाभराच्या डिस्नी सहलीच्या एकूण खर्चापुढे ही रक्कम लहान आहे. परंतु ती सुटीच्या पहिल्याच तासात, वेगळी, खिशातून काढून द्यावी लागते. फेब्रुवारी २०२२ मध्ये जुन्या आगगाडीसारख्या रंगवलेल्या बस घेऊन ‘सनशाइन फ्लायर’ ही स्पर्धक सेवा साधारण तेवढ्याच दरात उतरली. पुढे या दोन्ही सेवा एकत्र आल्या.

हा भार सर्वांवर सारखा पडला नाही. चौघांचे कुटुंब ॲपवरची एक मोटार करून अनेकदा बसच्या तिकिटांइतक्याच किंवा त्याहून कमी पैशांत पोहोचते, तेही वाटेत चार हॉटेलांचे थांबे न घेता. एकट्या प्रवाशाला बसच परवडते. खरी ओढाताण होते ती मोठ्या कुटुंबांची. आजी-आजोबा, आई-वडील, दोन मुले आणि आठ बॅगा एका साध्या मोटारीत मावत नाहीत. फ्लोरिडाच्या कायद्यानुसार पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना मोटारीत सुरक्षा-आसनावर बसवावे लागते. मोठ्या बसमध्ये हा प्रश्न येत नसे. चाकाच्या खुर्चीवरील प्रवाशांसाठी मॅजिकल एक्स्प्रेसच्या ताफ्यात खुर्ची वर उचलून घेणाऱ्या बस होत्या. ॲपवर तशी मोटार हवी तेव्हा मिळेलच असे नसते. पर्यायांची संख्या वाढली हे कंपनीचे म्हणणे खरे असले, तरी सर्वाधिक गरज असलेल्यांच्या वाट्याला त्यांतले थोडेच पर्याय येतात.

निर्णयाची वेळही अडचणीची ठरली. टाळेबंदीच्या काळात भाड्याच्या मोटारी पुरवणाऱ्या कंपन्यांनी आपले ताफे विकून टाकले होते. त्यांतील बलाढ्य हर्ट्झ तर मे २०२० मध्ये दिवाळखोरीच्या संरक्षणाखाली गेली. २०२१ मध्ये पर्यटक परतले तेव्हा मोटारी कमी आणि त्यांचे दर चढे, अशी स्थिती अमेरिकाभर होती. म्हणजे मोफत बस काढून घेतली जात असताना तिचा सर्वांत जुना पर्यायही महागला होता.

सार्वजनिक वाहतुकीकडे पाहिले तर ऑर्लँडोचे दुबळेपण उघड होते. पॅरिसच्या डिस्नी उद्यानाच्या दाराशी उपनगरी रेल्वे आहे आणि १९९४ पासून अतिवेगवान टीजीव्ही गाड्याही थांबतात. हाँगकाँगमध्ये उद्यानासाठी मेट्रोची स्वतंत्र शाखा २००५ मध्ये सुरू झाली. तेथे विमानतळावरून मोफत बस देण्याची निकड उद्यानाला भासली नाही, कारण काही पैशांत कोणालाही पोहोचता येते. ऑर्लँडोत लिंक्स ही सार्वजनिक बससेवा दोन डॉलरमध्ये प्रवास घडवते, पण बॅगा आणि मुले घेऊन तिच्या वेळा व थांबे सांभाळणे पर्यटकाला जिकिरीचे होते.

रेल्वेची आशा काही काळ होती. नोव्हेंबर २०२० मध्ये ब्राइटलाइन या खासगी रेल्वे कंपनीने डिस्नी स्प्रिंग्ज येथे स्थानक उभारण्याचा डिस्नीशी करार झाल्याचे जाहीर केले होते. बस बंद करण्याची घोषणा त्यानंतर दोनच महिन्यांनी झाली, तेव्हा रेल्वे येणार म्हणून बस जाते आहे असा तर्क अनेकांनी लढवला. मात्र पुढे टँपाकडे जाणारा नियोजित मार्ग बदलला. तो ऑर्लँडोच्या अधिवेशन केंद्राजवळून, म्हणजे युनिव्हर्सलच्या बाजूने नेण्याचे ठरले. जून २०२२ मध्ये डिस्नीने स्थानकाच्या बेतातून अंग काढून घेतले. ब्राइटलाइनची गाडी सप्टेंबर २०२३ पासून मायामीहून ऑर्लँडो विमानतळापर्यंत येते आणि तेथेच थांबते. बस गेली आणि आगगाडी आलीच नाही.

भारतातून जाणाऱ्यांच्या दृष्टीने चित्र थोडे निराळे आहे. ऑर्लँडोला भारतातून थेट विमान नाही. अमेरिकेत ज्या विमानतळावर पहिले पाऊल पडते तेथे सीमाशुल्क तपासणीसाठी बॅगा स्वतः ताब्यात घ्याव्या लागतात आणि पुन्हा विमान कंपनीकडे द्याव्या लागतात. त्यामुळे पिवळ्या टॅगची निर्धास्ती भारतीय प्रवाशाला अर्ध्या वाटेपासूनच लाभत असे. मे २०२१ पासून अमेरिकेने भारतातून येणाऱ्या बहुतेक प्रवाशांवर निर्बंध घातले होते. लस घेतलेल्यांसाठी ते ८ नोव्हेंबर २०२१ रोजी उठले. मॅजिकल एक्स्प्रेसला तेव्हा आठ आठवडेही उरले नव्हते. मुंबई-पुण्याहून सहल कंपनीबरोबर जाणाऱ्यांना हा बदल फारसा जाणवला नसावा, कारण त्यांची बस कंपनीचीच असते. तो जाणवतो स्वतः आखणी करून जाणाऱ्यांना, आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या व भेटीला आलेल्या आई-वडिलांना ऑर्लँडो दाखवायला नेणाऱ्या कुटुंबांना.

डिस्नीने नंतर काही सवलती परतही दिल्या. हॉटेलच्या पाहुण्यांकडून मोटार उभी करण्यासाठी मार्च २०१८ पासून रात्रीमागे आकारले जाणारे शुल्क जानेवारी २०२३ मध्ये रद्द झाले. २०२५ पासून हॉटेलात दाखल होण्याच्या दिवशी जलक्रीडा उद्यानाचा प्रवेश विनामूल्य मिळू लागला. त्याच वर्षी २२ मे रोजी युनिव्हर्सलने ‘एपिक युनिव्हर्स’ हे नवे उद्यान उघडले, तेही डिस्नीपेक्षा विमानतळाला जवळ. स्पर्धा वाढल्यावर बसही परत येईल, अशी अपेक्षा त्यामुळे पुन्हा व्यक्त होऊ लागली. पण परत दिलेल्या सवलतींचे स्वरूप पाहिले तर ती धूसर वाटते. वाहनतळ आधीच बांधलेला आहे आणि जलक्रीडा उद्यान एरवीही उघडेच असते. तेथे आणखी पाहुणे आल्याने कंपनीचा खर्च फारसा वाढत नाही. बसला मात्र प्रत्येक फेरीमागे इंधन लागते, चालकाचे वेतन लागते, आणि विमान उशिरा आले तर थांबावेही लागते.

दरम्यान, ऑर्लँडो विमानतळाच्या टर्मिनल बीच्या तळमजल्यावरून डिस्नीच्या हॉटेलांकडे बस अजूनही सुटतात. बॅगा मात्र आता प्रवाशांनी स्वतः उचलायच्या असतात आणि रांगेत लागण्यापूर्वी तिकीट काढायचे असते.