पाणी कधी चढतं

एप्रिल सरता सरता कोलकात्याच्या न्यू टाउनमधल्या आमच्या इमारतीत गीझर बंद असतानाही नळाला गरम पाणी येतं. गच्चीवरची टाकी दिवसभर तापते. बादलीत थर्मामीटर बुडवला तर पारा तिशी ओलांडतो. ट्राउटला हे पाणी म्हणजे मरणच. दहा ते सोळा अंशांत तो मजेत असतो, विशीच्या पुढे खाणं सोडतो, पंचविशीच्या आसपास त्याचा जीव धोक्यात येतो. मेख आहे प्राणवायूची. १० अंशांच्या एक लिटर पाण्यात तो साधारण ११ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांच्या पाण्यात जेमतेम साडेसात. तेव्हा मे महिन्यात पाठीवर सॅक टाकून एकट्याने ट्राउटच्या मागे डोंगरात जायचं असेल, तर ऑफिसात रजा टाकण्याआधी पाण्याची चौकशी करावी लागते.

इथून जवळचं पाणी सिक्कीममध्ये. रात्री सियालदहला गाडीत बसलं की सकाळी न्यू जलपाईगुडी. तिथे वर ट्राउट आहे, पण मेनमेचो तलावासारखी ठिकाणं सीमेलगतच्या परवान्याच्या पट्ट्यात येतात आणि तिथे एकट्यादुकट्याला दिवसभर गळ घेऊन रेंगाळू देतील ही अपेक्षा व्यर्थ. शिवाय ऑक्टोबर २०२३मध्ये दक्षिण ल्होनाकचा हिमतलाव फुटला, चुंगथांगचं धरण वाहून गेलं आणि तीस्तेने खालचा रस्ता जागोजाग गिळला. त्या खोऱ्याच्या भरवशावर परतीचं आरक्षण करायची माझी तरी छाती होत नाही.

म्हणून हिमाचलातली तीर्थन. ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कच्या माथ्यावरून ही नदी उतरते आणि गुशैणी, बंजारवरून येत लारजीला बियासला मिळते. तिच्यातला ब्राउन ट्राउट मूळचा इथला नव्हे. परदेशातून आलेली अंडी १९००च्या सुमारास काश्मीरमध्ये जगली आणि १९०९मध्ये कुल्लू खोऱ्यात महिलीला उबवणी केंद्र निघालं. साहेबाला सुट्टीत गळ टाकायला विलायतेतलाच मासा हवा होता, एवढंच त्यामागचं कारण. नावात ट्राउट असलेला पण कार्पच्या कुळातला इथला ‘स्नो ट्राउट’ मात्र या पाहुण्यापुढे मागे सरला. हे ठाऊक असताना आपण त्याच पाहुण्यासाठी एवढा आटापिटा करतो, याची थोडी लाज वाटते; बेत त्यामुळे रद्द होत नाही. तीर्थनवर जलविद्युत प्रकल्पही होऊ घातले होते. माजी आमदार दिलाराम शबाब आणि खोऱ्यातल्या गावकऱ्यांनी चिवटपणे लढून ते थोपवले. ही नदी अजून आपल्या वेळापत्रकाने वाहते ती त्यामुळे, आणि माझा सगळा बेत उभा आहे तो त्या वेळापत्रकावरच.

मेमध्ये वरचा बर्फ दुपारच्या उन्हात वितळतो. ते पाणी नाल्याओढ्यांतून खाली यायला काही तास लागतात, त्यामुळे नदी चढते ती संध्याकाळी आणि रात्री. रात्री वर गारठलं की वितळणं मंदावतं आणि पहाटे पाणी सगळ्यात कमी आणि सगळ्यात नितळ असतं. गळ टाकायचा तो उजाडल्यापासून दहा-अकरापर्यंत. दुपारी चालायचं, स्वयंपाक करायचा, झोपायचं. जूनच्या मध्यापर्यंत थांबलो तर उन्हाचा जोर वाढून पाणी दिवसभर फुगलेलं राहतं, आणि महिनाअखेर पाऊस येऊन ठेपतो. मार्चमध्ये पाणी उत्तम, पण रात्रीच्या थंडीसाठी जड स्लीपिंग बॅग वाहावी लागते. दोन्हींच्या मधे मेचा पहिला पंधरवडा उरतो. त्यातही पश्चिमी विक्षोभ आला तर दोन दिवस पाऊस कोसळून नदी गढूळ होते, म्हणून निघण्याच्या आठवड्यात हवामान खात्याचा अंदाज रोज पाहायचा.

लारजीच्या खाली मात्र पाऊल ठेवायचं नाही, हे वहीत ठळक लिहिलेलं आहे. ८ जून २०१४ रोजी हैदराबादच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची मुलं थलौटजवळ बियासच्या पात्रातल्या दगडांवर फोटो काढत होती. वर लारजी धरणातून पाणी सोडलं गेलं आणि २४ विद्यार्थी आणि त्यांच्यासोबतचा सहल संयोजक वाहून गेले. बर्फाचं पाणी सूर्य पाहून येतं, त्याचा अंदाज बांधता येतो. धरणाचं पाणी विजेची मागणी पाहून येतं. एकटा माणूस पाठीमागून येणाऱ्या पाण्याकडे लक्ष ठेवणार कधी, आणि गळाकडे कधी?

परवान्याचं गणित वेगळं. हिमाचलात ट्राउटची विणीची बंदी नोव्हेंबर ते फेब्रुवारी असते, त्यामुळे मेमध्ये अडचण नाही. मत्स्य विभागाकडून दिवसाचा परवाना घ्यावा लागतो. नॅशनल पार्कच्या हद्दीत मात्र १९७२च्या वन्यजीव कायद्याने मासाही वन्यजीवच. फाटकाच्या आत गळ नाही. गुशैणीपासून पार्कच्या फाटकाकडे जाणारी पायवाट नदीकाठाने जाते. मासेमारी त्या पट्ट्यात आटपायची, मग रॉड गुंडाळून सॅकला बांधायचा आणि पुढचा डोंगर, पार्कचा परवाना आणि स्थानिक वाटाड्या घेऊन, नुसता चालण्यासाठी. ‘एकट्याने’ हा शब्द फाटकापर्यंतच खरा. त्याबद्दल तक्रार नाही.

सामानाचं म्हणाल तर न्यू टाउनमध्ये बसून हिमालयाची तयारी करण्यात एक सोय आहे: उंच इमारती. समुद्रसपाटीपासून हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्या मीटर उंचीवरचं हे सपाट शहर. टेकडी औषधालाही नाही. सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून मी रात्री जिन्याने वीस मजले चढतो. एक लिटर म्हणजे एक किलो, वजन हवं तसं वाढवता येतं. उतरताना लिफ्ट नाही, कारण गुडघे बोलतात ते उतारावर. वॉचमनला आता सवय झाली आहे. पहिल्यांदा त्याने, लिफ्ट बिघडली का, म्हणून विचारलं होतं.

फ्लाय रॉडचा सराव जवळच्या मोकळ्या प्लॉटवर, ऑफिसला जाण्याआधी. शरदात काशफुलांनी भरणारा हा प्लॉट मेमध्ये खरवडल्यासारखा दिसतो. नऊ फुटी, चार तुकड्यांत मोडणारा रॉड. दोरीच्या टोकाला गळाऐवजी लोकरीचा लाल तुकडा. मनगट गच्च धरायचं, कोपरातून हात उचलायचा, दोरी मागे पूर्ण सुटेपर्यंत थांबायचं आणि मगच पुढे. हे थांबणं जमायला वेळ लागतो. घाई केली की दोरी चाबकासारखी कडाडते आणि लोकर तुटून जाते. तीर्थनवर मागे झाडं असतील, तिथे एवढी जागा मिळणार नाही. म्हणून दोरी मागे न टाकता पाण्यावरूनच गुंडाळत पुढे फेकायचा प्रकारही घोटतो, पण त्याला पाण्याची ओढ लागते, गवतावर तो अर्धाच साधतो.

गाठीचा सराव बाल्कनीत, दिवा बंद करून. दोरा गळाच्या डोळ्यातून ओवायचा, मूळ दोऱ्याभोवती पाच वेढे, टोक डोळ्याजवळच्या फटीतून आत आणि मग मोठ्या फासातून बाहेर. आवळण्याआधी गाठ तोंडात धरून ओली करायची. कोरडी आवळली तर घर्षणाने नायलॉन तापतो आणि तिथेच दोरा कमकुवत होतो. गळाचा उलटा काटा पकडीने आधीच दाबून टाकलेला असतो, म्हणजे मासा पाण्यातच, ओल्या हाताने, सोडवता येतो.

हे सगळं खालच्या मजल्यावरचे दादा बारकाईने बघतात. निवृत्त माणूस, रविवारी राजारहाटच्या बाजूला पुकुरावर, म्हणजे तळ्यावर, तिकीट काढून छिप टाकून बसतात. त्यांचं ‘चार’ म्हणजे माशाला बोलावण्याचं खाद्य. त्यात काय काय पडतं ते घरच्यांनाही सांगत नाहीत. बंगाली गळ बसून टाकायचा आणि मासा येईपर्यंत तरंगतं फातना बघायचं. ट्राउटचं उलटं. तो प्रवाहाकडे तोंड करून दगडामागे उभा असतो, वाहत येणारा किडा टिपायला. आपण खालच्या अंगाने, पाठीमागून, दबक्या पावलांनी वर सरकायचं. दादांना चालण्याचं काही वाटलं नाही.

“आणि मासा?” त्यांनी विचारलं.

“सोडून देणार, दादा.”

“दोन रात्री गाडीत काढून?” ते जरा वेळ गप्प राहिले. “तुमच्या महाराष्ट्रात असंच करतात?”

पवईच्या तलावावर आणि महसीरच्या नद्यांवर गळ टाकणारे आमच्याकडेही मासा सोडून देतात, असं मी सांगितलं. त्यांना ते पटलं नसावं. चण्याचं सातू मात्र त्यांनीच आणून दिलं. गूळ, मेतकूट आणि चिक्कीसोबत तेच माझं दुपारचं जेवण. स्टोव्हचा गॅस विमानातही चालत नाही आणि रेल्वेतही, तो तिकडेच घ्यायचा.

गाडी हावड्याहून, नेताजी एक्स्प्रेस. १८६६पासून धावणारी कालका मेल २०२१पासून या नावाने ओळखली जाते. दोन रात्री आणि मधला दिवस काढून चंदीगड. तिथून मनालीच्या बसमध्ये बसून औटच्या बोगद्याअलीकडे उतरायचं. डुलकी लागली तर बोगदा पार होतो आणि फाटा मागे राहतो. पुढे बंजारची बस.

दादांकडे एक कागद ठेवून जातो. त्यावर कुठली रात्र कुठे, फोन लागण्याची शक्यता कुठे, आणि किती वाजेपर्यंत निरोप नाही आला तर कुणाला कळवायचं, हे लिहिलेलं असतं, शेवटी ११२. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि “काळजी करू नका” हे वाक्य खोडायला लावलं. काळजी कधी करायची एवढंच लिहा, म्हणाले.

पहिल्या दिवशी गुशैणीला दुपारपर्यंत पोहोचायला हवं. मत्स्य विभागाची कचेरी पहाटे उघडत नाही आणि गळाची वेळ पहाटेची, म्हणून परवाना आदल्या दिवशीच हातात हवा. तोही एका दिवसाचाच. संध्याकाळी काठावर एक दगड पाण्याला टेकवून ठेवायचा. सकाळी पाणी त्याच्यापासून खाली सरकलेलं आणि तळ दिसत असला तर रॉड जोडायचा. दगड बुडालेला असला तर परवान्याचे पैसे गेले असं समजून चहा घ्यायचा आणि बरोटला जाणाऱ्या बसची चौकशी करायची. तिथल्या उहल नदीतही ट्राउट आहे.