मेल बदलापूरवरून जाते तेव्हा

पावसाळ्यातली संध्याकाळ, सातचा सुमार. बदलापूर स्टेशनच्या पुलावर मी कॅमेरा घेऊन उभा आहे. न थांबणारी मेल धडधडत जाते आणि स्क्रीनवर उरतो नुसता फराटा.

हिशेब सोपा आहे. गाडीचा वेग ताशी ७२ किलोमीटर धरला, तर ती सेकंदाला २० मीटर जाते. शटर १/५० सेकंद उघडं राहिलं की तेवढ्यात ती ४० सेंटिमीटर सरकते. दाराचा दांडा पुसला जाणारच. शटर १/५०० वर नेलं तर सरकणं ४ सेंटिमीटरवर येतं, पण प्रकाशही दहावा हिस्साच मिळतो. मग कॅमेरा आयएसओ चढवतो आणि काळोख्या भागात रवा सांडल्यासारखे दाणे दिसू लागतात.

या दाण्यांचं खापर आपण आयएसओवर फोडतो. मूळ मात्र प्रकाशातच आहे. प्रकाशकण रांगेत येत नाहीत, पत्र्यावरच्या पावसासारखे कसेही पडतात. सेन्सरच्या एका ठिपक्यावर सरासरी १०,००० कण पडले, तर चढउतार साधारण १०० कणांचा, म्हणजे एक टक्का. १०० च पडले तर १० कणांचा, म्हणजे दहा टक्के. म्हणून पैसे घालायचे तर आधी लेन्सवर. एफ २.८ ऐवजी एफ १.८ ची लेन्स जवळपास अडीचपट प्रकाश आत घेते.

आणखी एक गोष्ट परदेशी व्हिडिओ पाहून शिकणाऱ्यांना हमखास चकवते. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, म्हणून तिथले लोक १/६० सांगतात. अंबरनाथच्या फलाटावर किंवा उल्हासनगरच्या बाजारात तो आकडा लावला, की चित्रावर काळे पट्टे सरकू लागतात. इथे १/५० किंवा १/१०० च हवं. तेवढ्या वेळात दिव्याची लुकलुक पुरी होते.

मग धूसरपणाचं काय? जागा बदला. गाडी आडवी जाताना टिपण्याऐवजी पुलावरून समोरून येताना टिपली, की तोच वेग असूनही चित्रातली तिची सरक कितीतरी कमी होते. मी तसंच केलं. १/५० वरच, पुढच्या गाडीच्या इंजिनावरचा नंबर वाचता आला आणि दिव्याच्या झोतातला पाऊसही दिसला, प्रत्येक थेंब एक बारीक तिरपी रेघ होऊन.