पिनकोड नसलेल्या देशात डार्ट शिकताना

अमिरातीत पिनकोड नाही, टपाल पीओ बॉक्सवर येतं. मुंबई आणि दुबई, दोन्हीकडचे पत्ते ठेवणारं ॲप लिहायला बसलात की पहिली अडचण इथेच. डार्ट भाषेत आता त्या रकान्याचा प्रकार 'स्ट्रिंग' लिहून पुढे फक्त प्रश्नचिन्ह द्यायचं: पिनकोड असेल किंवा नसेल. मग 'नसेल तर काय?' याची सोय केल्याशिवाय तो मजकूर म्हणून वापरूच देत नाही. चूक ॲप चालू असताना नाही, लिहितानाच सापडते!

ही शिस्त जन्मापासूनची नाही. गूगलने 2011 मध्ये डार्ट आणली ती जावास्क्रिप्टला पर्याय म्हणून. तेव्हा प्रकार लिहिणं ऐच्छिक होतं. क्रोममध्ये डार्ट थेट चालवायचा बेत 2015 मध्ये सोडला. मला वाटतं, भाषा तिथेच संपली असती. तिला तारलं फ्लटरने, म्हणजे डार्टमध्ये ॲप बनवायच्या गूगलच्याच साधनसंचाने. 2018 मध्ये डार्ट 2 आली, प्रकार पक्के झाले, डिसेंबरात फ्लटर 1.0 आलं. प्रश्नचिन्हाची सोय मार्च 2021 मधली. मे 2023 च्या डार्ट 3 पासून ती सक्तीची.

इथल्यांसाठी आणखी एक. अरबी उजवीकडून वाचतात, म्हणून फ्लटरमध्ये अंतर देताना 'लेफ्ट' लिहू नका, 'एजइन्सेट्सडिरेक्शनल' घेऊन 'स्टार्ट' लिहा. भाषा बदलली की 'स्टार्ट' आपोआप उजवीकडे जातो. मी पहिल्यांदा अरबी निवडली आणि अख्खी स्क्रीन आरशात पाहिल्यासारखी उलटली, तेव्हा घरच्यांना हाक मारून दाखवली होती.