सजद्यातून उठताना चक्कर

फजरच्या नमाजमध्ये सजद्यातून उठताना आमच्या अब्बांना चक्कर येऊ लागली. कुणी सांगितलं म्हणून त्यांनी कोलेस्टेरॉलची गोळी, अ‍ॅटोरवास्टॅटिन, परस्पर बंद केली. तरी चक्कर थांबेना. मग घाटीत जाऊन आम्ही गोळ्यांची अख्खी पिशवीच डॉक्टरांपुढे ठेवली. त्यांनी आधी झोपवून, मग उभं करून बीपी मोजलं. उभं राहताच वरचा आकडा 20 हून जास्त उतरला. कोलेस्टेरॉलच्या गोळीनेही काहींना चक्कर येते, पण इथे कारण निघालं रात्रीची बीपीची गोळी! तिचा डोस डॉक्टरांनी कमी केला, कोलेस्टेरॉलची पुन्हा सुरू केली. ती सोडली की कोलेस्टेरॉल काही आठवड्यांत पुन्हा चढतं, आणि चढलेलं जाणवतही नाही. अब्बा आता गुडघ्यांवर हात टेकून सावकाश उठतात. रमजानआधी गोळ्यांच्या वेळा विचारायला पुन्हा जायचं आहे.