पत्रकारिता आणि पटकथालेखन : पदवी स्तरावरील एकत्रित अध्यापनाचा विचार

प्रस्तावना :
राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ची अंमलबजावणी महाराष्ट्रातील स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्नित महाविद्यालयांत २०२४-२५ पासून सुरू झाली. मुख्य विषयाच्या जोडीला गौण विषय, खुला वैकल्पिक विषय आणि कौशल्याधिष्ठित अभ्यासक्रम अशी रचना आल्याने भाषा व सामाजिक शास्त्रांच्या विभागांना काही मोकळी जागा मिळाली. ती जागा भरण्यासाठी पत्रकारिता आणि पटकथालेखन ही दोन नावे हमखास सुचविली जातात. मात्र ती सुचविली जातात दोन स्वतंत्र कौशल्ये म्हणून : एका सत्रात बातमीलेखन, दुसऱ्या सत्रात पटकथालेखन, आणि दोहोंचा परस्परांशी संबंध नाही. हे दोन विषय एकाच अभ्यासपत्रिकेत, एकाच घटनेच्या आधारे शिकविणे शक्य व इष्ट आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. तसे करताना त्यांच्यातील सीमारेषा पुसट होणार नाही याची व्यवस्था अभ्यासक्रमातच असली पाहिजे. हे विवेचन वडनेर भोलजी (ता. नांदुरा, जि. बुलडाणा) आणि परिसरातील ग्रामीण महाविद्यालये डोळ्यांसमोर ठेवून केले आहे.

मराठीतील परंपरा :
वृत्तपत्र आणि चित्रपट यांचा संबंध मराठीला नवा नाही. 'ब्रह्मचारी' (१९३८) या चित्रपटाचे लेखक आचार्य अत्रे पुढे 'नवयुग' साप्ताहिकाचे आणि १९५६ पासून दैनिक 'मराठा'चे संपादक होते. त्यांच्याच 'श्यामची आई' (१९५३) या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक लाभले. 'बॉम्बे क्रॉनिकल'मधून पुढे आलेले ख्वाजा अहमद अब्बास यांची पहिली पटकथा 'नया संसार' (१९४१) पत्रकारांच्याच जीवनावर होती. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्या चीनमधील कार्यावर त्यांनी आधी पुस्तक लिहिले आणि त्याच्या आधारे व्ही. शांताराम यांचा 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' (१९४६) हा चित्रपट झाला.

तथापि अध्यापनाच्या दृष्टीने सर्वांत उपयुक्त उदाहरण अरुण साधू यांचे आहे. साधू यांचा जन्म परतवाड्याचा, म्हणजे आपल्याच विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रातला. त्यांनी मुंबईत अनेक वर्षे इंग्रजी वृत्तपत्रांत पत्रकारिता केली आणि पुढे पुणे विद्यापीठाच्या वृत्तपत्रविद्या विभागाचे प्रमुखपद सांभाळले. त्यांच्या 'मुंबई दिनांक' व 'सिंहासन' या दोन कादंबऱ्यांवर डॉ. जब्बार पटेल यांनी 'सिंहासन' (१९७९) हा चित्रपट केला. त्याची पटकथा विजय तेंडुलकर यांची. म्हणजे पटकथाकारही पूर्वाश्रमीचा पत्रकारच. निळू फुले यांनी साकारलेला दिगू टिपणीस हा वार्ताहर मंत्रालयापासून कामगार वस्तीपर्यंत सर्वत्र पोहोचतो. त्याला पुष्कळ काही ठाऊक असते. छापता येते त्यातले थोडे. वार्ताहराच्या वहीत उरलेला हा न छापलेला भाग हीच पटकथेची सामग्री होय, हे विद्यार्थ्यांना समजावून देण्यास 'सिंहासन'इतके चांगले उदाहरण मराठीत क्वचितच सापडेल.

असे असूनही आपल्याकडील शिक्षणव्यवस्थेने ही दोन क्षेत्रे वेगवेगळ्या इमारतींत बसविली. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात पत्रकारितेचे शिक्षण १९५२ मध्ये सुरू झाले. पुणे विद्यापीठाचा वृत्तपत्रविद्या विभाग १९६४ चा. त्याच पुण्यात प्रभात स्टुडिओच्या जागेवर १९६० मध्ये चित्रपट संस्था स्थापन झाली. रानडे इन्स्टिट्यूट आणि ही संस्था एकाच शहरात, फारशा दूर नाहीत. पण एक विद्यापीठाकडे आणि दुसरी केंद्र शासनाकडे असल्याने अभ्यासक्रमांची गाठ पडली नाही. ब्रिटनमधील विद्यापीठांत दोन विषयांची संयुक्त पदवी घेण्याची पद्धत रुळलेली आहे. आपल्याकडे ती सोय गौण विषयाच्या रूपाने आता कुठे येत आहे.

जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयात असे शिक्षण रुजू शकते काय, या शंकेला अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथील न्यू आर्ट्स, कॉमर्स अँड सायन्स कॉलेज हे उत्तर आहे. नागराज मंजुळे यांनी पुणे विद्यापीठातून मराठीत एम. ए. केल्यानंतर या महाविद्यालयात जनसंज्ञापनाचे पदव्युत्तर शिक्षण घेतले. 'पिस्तुल्या' हा त्यांचा राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त लघुपट, त्यानंतरचा 'फँड्री' (२०१३) आणि 'सैराट' (२०१६) सर्वपरिचित आहेत. प्रत्येक महाविद्यालयातून मंजुळे निर्माण होतील असा याचा अर्थ नव्हे. परंतु महानगराबाहेर हे शिक्षण अशक्य आहे, हा समज मात्र टिकत नाही.

बातमी व पटकथा : कोठपर्यंत एकत्र, कोठून वेगळ्या :
दोन्ही लेखनप्रकारांचा पूर्वार्ध सारखाच असतो. घटनास्थळी जाणे, माणसांशी बोलणे, कागदपत्रे पाहणे, कोण काय म्हणाले ते त्याच्याच शब्दांत टिपणे आणि अनावश्यक ते गाळणे. पुढे मात्र वाटा फुटतात. बातमीचा सारांश पहिल्या परिच्छेदात येतो. पटकथेत तीच माहिती शक्य तितकी रोखून धरायची असते. बातमीत विधानाला आधार द्यावा लागतो. पटकथेत पात्राला कृती द्यावी लागते. आणि मुख्य भेद असा की, पटकथाकाराला कल्पनेचा परवाना आहे, वार्ताहराला तो नाही.

शेतकरी आत्महत्यांचा विषय घेतल्यास हा भेद स्पष्ट होतो. वृत्तपत्रातील बातमी आत्महत्येनंतर सुरू होते : नाव, वय, गाव, कर्जाची रक्कम, शासकीय मदतीसाठी प्रकरण पात्र की अपात्र. सतीश मनवर यांचा 'गाभ्रीचा पाऊस' (२००९) हा चित्रपट आत्महत्या न केलेल्या शेतकऱ्याभोवती फिरतो. शेजारच्या शेतकऱ्याने जीव दिल्यावर किसनाची पत्नी अलका घाबरते आणि नवऱ्यावर सतत लक्ष ठेवते. ही भीती विदर्भातील असंख्य घरांत होती आणि आहे; पण काहीच 'घडलेले' नसल्यामुळे तिची बातमी होऊ शकत नाही. उलट 'पीपली लाइव्ह' (२०१०) या चित्रपटाच्या लेखिका-दिग्दर्शिका अनुषा रिझवी स्वतः दूरचित्रवाणी पत्रकारितेतून आलेल्या. तेथे वाहिन्या जाहीर झालेल्या मृत्यूची वाट पाहत गावात तळ ठोकतात. बातमीच्या धंद्याचे हे चित्र आतून पाहिल्याशिवाय लिहिता आले नसते.

तेंडुलकरांचे 'कमला' हे नाटक या संदर्भात वर्गात अवश्य अभ्यासावे. १९८१ मध्ये 'इंडियन एक्स्प्रेस'चे अश्विनी सरीन यांनी स्त्रियांची विक्री होते हे सिद्ध करण्यासाठी एक स्त्री २३०० रुपयांना विकत घेतली आणि त्याची बातमी केली. तेंडुलकरांनी त्यावरून नाटक लिहिताना नावे, प्रसंग बदलले आणि पत्रकाराच्या पत्नीला मध्यवर्ती केले. विकत आणलेल्या बाईकडे पाहून त्या पत्नीला स्वतःच्या स्थानाविषयी पडणारा प्रश्न मूळ वृत्तात नव्हता. एकच घटना, दोन सत्ये. आणि दोन्हींचे निकष निराळे.

स्थानिक उदाहरण :
डिसेंबर २०२४ च्या अखेरीपासून शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड आदी गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले. आरोग्य विभाग आला, पाण्याचे नमुने घेतले गेले, पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे पथक आले. दरम्यान कारण कळण्यापूर्वीच 'टक्कल व्हायरस' हा शब्द वाहिन्यांवर रूढ झाला होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी गव्हातील सेलेनियमच्या अतिरिक्त प्रमाणाशी याचा संबंध असल्याचे मांडले. विषाणूचा संबंध नसताना विषाणूचे नाव मिळाल्याने या गावांच्या वाट्याला काय आले? मुलांनी शाळेत जाणे टाळले, सोयरिकी अडल्या, अशा बातम्या पुढे त्याच माध्यमांतून आल्या.

या प्रकरणात पत्रकारितेचा दोष असा की, तिने पटकथाकाराचा परवाना वापरला. भयकथेला शोभेल असे नाव दिले आणि खाली 'बातमी' असे लिहिले. हीच सामग्री पटकथेसाठी घेतली तर एखाद्या मुलीचे ठरत आलेले लग्न, ओढणी न काढता वर्गात बसलेली विद्यार्थिनी, रेशनचा गहू निवडणारी आजी अशी काल्पनिक पात्रे उभी करण्यास काहीच हरकत नाही. मात्र त्यांना खऱ्या गावाचे व खऱ्या व्यक्तीचे नाव देता येणार नाही. हा विवेक विद्यार्थ्यांना सूचनांच्या यादीतून येत नाही; दोन्ही प्रकारचे लेखन स्वतः करूनच येतो.

अध्यापनाची व्यवस्था :
दोन श्रेयांकांची प्रात्यक्षिक स्वरूपाची पत्रिका धरल्यास साधारणतः साठ तास मिळतात. त्यांत प्रत्येक विद्यार्थ्याने परिसरातील एकच घटना निवडावी आणि तीन कागद सादर करावेत. पहिला, सुमारे तीनशे शब्दांची बातमी, प्रत्येक विधानाच्या आधारासह. दुसरा, त्याच घटनेवरून पाच-सहा मिनिटांची पटकथा. तिसरा कागद 'बदलांची नोंद' : पटकथेत काय नवे घातले, काय गाळले, कोणाचे नाव-गाव बदलले आणि का. लेखकाच्या मते या पत्रिकेत सर्वाधिक गुण तिसऱ्या कागदाला असावेत. तो लिहिताना विद्यार्थ्याला आपण कोठे सत्य सोडले हे स्वतःच्या हस्ताक्षरात मांडावे लागते, आणि नक्कल करण्याची शक्यताही कमी होते.

कायद्याची किमान माहिती आवश्यक आहे. भारतीय न्याय संहितेतील बदनामीविषयक कलम ३५६ आणि लैंगिक अत्याचारातील पीडितेची ओळख उघड करण्यास मनाई करणारे कलम ७२ यांवर एक तासिका पुरेशी होईल.

शिक्षकांचा प्रश्न खरा आहे. ग्रामीण महाविद्यालयात पत्रकारितेचे स्वतंत्र पद नसते. मराठी विभागाने पटकथेची आणि राज्यशास्त्र विभागाने बातमीची बाजू घेतली, तर काम चालू शकते. तालुका वार्ताहरांना अतिथी व्याख्याते म्हणून अवश्य बोलवावे. त्यांच्यावर जाहिराती आणण्याची जबाबदारी कशी असते आणि तिचा बातमीवर काय परिणाम होतो, हे पुस्तकात मिळणार नाही. कॅमेऱ्याची तरतूद नसणे ही अडचण मानू नये. पटकथा हा लिहिण्याचा विषय आहे. चित्रीकरण करायचेच झाल्यास भ्रमणध्वनी पुरतो. चित्रीकरणाचा मोह आवरणे हीच बहुधा अधिक कठीण गोष्ट ठरेल.

पहिल्या तुकडीला आत्महत्या वा गुन्ह्याचा विषय देऊ नये. एकोणीस-वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने शोकाकुल घरात वही घेऊन जावे, ही अपेक्षा दोन्ही बाजूंना अन्यायकारक आहे. बाजार समितीतील कापसाची बोली, एस. टी. ची बंद झालेली फेरी, महामार्गामुळे हललेली टपरी, खारपाणपट्ट्यातील गावाचे पिण्याचे पाणी : वडनेर भोलजीच्या परिसरात दोन सत्रे पुरतील एवढे विषय पायी चालण्याच्या किंवा एका बसच्या अंतरावर आहेत.