मासा सोडण्याआधी पाण्याची परीक्षा

खाऱ्या पाण्याची नवी टाकी मांडली, की पहिला महिनाभर तरी तिच्यात मासा नसतो. असूही नये. वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपुरात आमच्या बारावीच्या प्रयोगशाळेत मी मांडलेली टाकी १०० लिटरची आहे. पंप सुरू, पाणी नितळ, तळाला वाळू आणि वर सच्छिद्र दगडांची रचना. येणारं प्रत्येक पोर विचारतं, “मॅडम, पाणी तर एकदम साफ आहे ना, मग सोडू ना मासा?” मी त्याच्या हाती टेस्ट ट्यूब देते. पाण्यातलं विष रंगहीन असतं, त्यामुळे साफ दिसणाऱ्या पाण्यावर भरवसा ठेवता येत नाही.

हे विष म्हणजे अमोनिया. मासा तो सतत कल्ल्यांतून बाहेर टाकतो. उरलेलं खाद्य कुजूनही तोच तयार होतो. समुद्रात तो पसरून जातो, टाकीत साचतो. पाण्यात त्याची दोन रूपं असतात. अमोनियम आयन फारसा त्रास देत नाही, मुक्त अमोनिया मात्र कल्ले भाजून काढतो. कोणतं रूप किती, हे पीएचवर ठरतं. पीएच ७ वरून खाऱ्या टाकीच्या नेहमीच्या ८.२ वर गेला, की मुक्त अमोनियाचा वाटा दहापटीहून जास्त वाढतो. गोड्या पाण्यात निभावून जाणारी मात्रा इथे जीव घेते.

यावर उपाय करणारे जीव डोळ्यांना दिसत नाहीत. काही सूक्ष्मजीव अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. श्लोझिंग आणि म्युंट्झ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १८७७ मध्ये सांडपाणी वाळूतून पाझरवून दाखवलं, की हा बदल सजीवांमुळे होतो: क्लोरोफॉर्म दिला की काम थांबायचं. पुढे विनोग्राद्स्कीने हे जीवाणू वेगळे करून दाखवले. २००५ मध्ये तर अमेरिकेतल्या सिएटल मत्स्यालयाच्या टाकीतूनच अमोनियावर जगणारा एक आर्किया वेगळा काढला गेला. जीवाणूंहून निराळ्या या कुळातले जीव हे काम करतात, हे त्यातून सिद्ध झालं. आपल्या काळ्या मातीतही हेच चालतं. पऱ्हाटीला दिलेला युरिया आधी अमोनिया होतो आणि मग याच वाटेने नायट्रेट. टाकीत ही वस्ती पुरेशी वाढेपर्यंत थांबणं, यालाच हौशी मंडळी ‘टँक सायकल करणं’ म्हणतात.

परदेशात समुद्रातले जिवंत खडक, म्हणजे सूक्ष्मजीव वसलेले प्रवाळांचे तुकडे, आणून ही वस्ती आयती मिळवायची जुनी पद्धत आहे. आपल्याकडे प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच आहे, आणि ते हवंच. म्हणून आम्ही कोरड्या सिरॅमिक दगडांपासून सुरुवात केली. वेळ जास्त लागतो, पण टाकीसाठी समुद्रातलं काही तोडावं लागत नाही.

पाणीही बनवावं लागतं. मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये समुद्राच्या काठावरच उभं राहिलं. आमच्यापासून किनारा शेकडो किलोमीटर लांब. स्वयंपाकाचं मीठ इथे चालत नाही. समुद्राच्या पाण्यात सोडियम क्लोराइडबरोबर मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम आणि सल्फेटही असतं. त्यासाठी मत्स्यालयाचं तयार मीठ मिळतं. १०० लिटरला ते साडेतीन ते चार किलो लागतं, आणि पाणी आरओचं घ्यावं; बोअरच्या पाण्यातले क्षार आधीच हिशेब बिघडवतात. मीठ पूर्ण विरघळल्यावर रिफ्रॅक्टोमीटरने विशिष्ट गुरुत्व मोजायचं. ते १.०२५ च्या आसपास हवं.

आता सूक्ष्मजीवांना खाद्य. पुष्कळ जण यासाठी एखादा स्वस्त, काटक मासा सोडतात आणि त्याला विषात ठेवून वाट पाहतात. हे मला मान्य नाही. नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड, हेच काम कुणालाही न छळता करतो. तो प्रयोगशाळेतला शुद्ध घ्यावा, कल्हईचा नको. १०० लिटरला साधारण ०.६ ग्रॅम टाकला, की अमोनिया २ पीपीएम, म्हणजे लिटरला २ मिलिग्रॅम होतो. दिवे बंद ठेवायचे, नाहीतर शेवाळ धरतं.

तपासणी घाईने करू नये. सॅलिसिलेट किटमध्ये ५ मिली पाणी घेऊन थेंब मोजून टाकायचे, ट्यूब हलवायची आणि पत्रकावर दिलेला वेळ पूर्ण थांबायचं. पिवळा रंग म्हणजे अमोनिया नाही. हिरवा जितका गडद, तितका अमोनिया जास्त. रंग खिडकीतल्या उजेडात, पांढऱ्या कागदावर जुळवायचा, पिवळ्या बल्बखाली नाही. शेजारी नुसत्या आरओ पाण्याची एक ट्यूब आणि नवसागराच्या माहीत असलेल्या द्रावणाची दुसरी ठेवली, की किट जुनं झालंय का तेही कळतं. नायट्राइटची चाचणी गुलाबी-जांभळा रंग देते. रंग तक्त्याबाहेर गेला तर एक भाग टाकीचं पाणी आणि नऊ भाग आरओ पाणी घेऊन आकडा दहाने गुणायचा. नायट्रेटच्या चाचणीत नायट्रेटचं आधी नायट्राइट केलं जातं. त्यामुळे टाकीत नायट्राइट असेपर्यंत हा आकडा फुगलेला येतो, त्यावर विसंबू नये.

आधी अमोनिया उतरतो, नायट्राइट चढतो. मग तोही उतरतो. याला चार ते सहा आठवडे लागू शकतात, पण कॅलेंडर बघून निर्णय घेऊ नये. पुन्हा २ पीपीएम अमोनिया द्यायचा आणि २४ तासांनी अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य आले, तरच टाकी तयार. माझी मुलं इथे गणित करतात: २ पीपीएम अमोनियाचं नायट्रेट होतं सुमारे ७ पीपीएम. हे नायट्रेट कमी करायला बरंच पाणी बदलायचं आणि मग एकच मासा सोडायचा. समुद्रातून पकडलेल्याऐवजी हॅचरीत वाढवलेला क्लाऊनफिश घ्यावा.

आमच्याकडे खरा धोका मे महिन्याचा. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचं नायट्रेट करायला सूक्ष्मजीवांना साडेचार ग्रॅमहून जास्त ऑक्सिजन लागतो, आणि गरम, खाऱ्या पाण्यात तो मुळातच कमी मुरतो. त्यात लाइन गेली की पंप बंद. म्हणून बॅटरीवरचा एअर पंप हवाच.

एका विद्यार्थिनीने गिरडच्या टेकडीवरचे जायफळासारखे दगड आणले होते. सूफी संत बाबा फरीदांची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांचा माल दगड झाला, ही या दगडांची कथा तालुक्यात सगळ्यांना ठाऊक आहे. हे दगड झिओलाइट या खनिजांच्या कुळातले. “झिओलाइट अमोनिया शोषतो ना, मग टाकूया?” तिचा प्रश्न रास्त होता. गोड्या पाण्यात काही झिओलाइट अमोनियम खरोखरच धरून ठेवतात. खाऱ्या पाण्यात सोडियम इतका असतो, की तो अमोनियमला जागाच उरू देत नाही. सूक्ष्मजीवांना इथे पर्याय नाही.

हीच मुलं आता घरच्या विहिरीचं पाणी तपासायला आणतात. शेतातल्या खताचं नायट्रेट पावसाबरोबर झिरपून विहिरीत उतरतं. त्याला रंग नाही, वास नाही. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. आमच्या किटवर आकडा चढा दिसला, तर नमुना भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत न्यायला मी सांगते. पाणी उकळून नायट्रेट जात नाही. ज्या घरात तान्ह्या बाळाला वरचं दूध विहिरीच्या पाण्यात कालवून देतात, तिथे ही तपासणी सगळ्यात आधी झाली पाहिजे.